बाई, ती दांडी तशीच आहे!

बालमित्रांनो, आज आधी एक प्रश्न. विमानाला धोका कुठे असतो?

माझ्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा एकच गलका झाला. "ढगात!" "वादळात!" "समुद्रावर!" एक जण म्हणाला, "पक्ष्यांचा थवा आडवा आला तर!" सगळी उत्तरं बरोबरच होती. पण एक उत्तर कुणीच दिलं नाही. "बाई, जमिनीवर!" खरं सांगू? आमची ती सहल होईपर्यंत हे उत्तर मलाही सुचलं नसतं.

आज त्याच सहलीची गोष्ट सांगणार आहे. तिच्यात माझी स्वतःची एक चूक आहे. बाईंची चूक म्हटल्यावर तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचणार, हे मला ठाऊक आहे!

मागच्या वर्षी डिसेंबरात आम्ही अडतीस मुलं आणि दोन बाई विमान चालवायला शिकवणारी एक संस्था बघायला गेलो. तिथे पोचल्यावर पहिली गोष्ट दिसली ती विमान नव्हे, तर जमिनीवर आखलेली चुन्याची पांढरी रेघ. कबड्डीच्या मैदानावर असते ना, तशीच. तिथले शिक्षक, म्हणजे वैमानिकांना शिकवणारे सर, म्हणाले, "पोरांनो, या रेघेच्या पुढे मी नाव घेऊन बोलावल्याशिवाय कुणीही यायचं नाही. टोपी उडाली तर उडू द्या, चप्पल निसटली तर राहू द्या. पण रेघ ओलांडायची नाही, आणि पळायचं तर अजिबात नाही."

रेघेपलीकडे पांढरंशुभ्र लहान विमान उभं होतं. सेसना १७२. चार माणसांचं विमान. ते पहिल्यांदा उडालं १९५५ साली आणि तेव्हापासून आजवर या जातीची चव्वेचाळीस हजारांहून जास्त विमानं तयार झाली. जगात इतक्या संख्येने दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते अकरा मीटर भरतं, म्हणजे आपल्या वर्गात मावणार नाही. पण रिकामं असताना वजन मात्र पाऊण टनाच्या आसपास, एखाद्या लहान मोटारीएवढं! एवढे मोठे पंख आणि एवढं कमी वजन, म्हणून तर ते उडतं. आणि म्हणूनच जोराचा वारा सुटला की उभ्या उभ्याच उलटूही शकतं. मुक्कामाला असलेलं लहान विमान तीन ठिकाणी दोरांनी जमिनीला बांधतात, दोन पंखांना आणि शेपटीला. पावसाळ्याआधी आपण कडब्याची गंजी कशी दोर टाकून बांधतो, तसंच.

सरांनी मग प्रोपेलर दाखवला. विमानाच्या नाकावरचा तो दोन पात्यांचा पंखा. "हा फिरायला लागला की कसा दिसेल?" त्यांनी विचारलं. एक मुलगा म्हणाला, "आमच्या छताच्या पंख्यासारखा." "म्हणजे कसा?" मुलगा विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "दिसतच नाही, सर."

शाब्बास! हाच पहिला धोका. घरातला पंखा पूर्ण वेगात असताना वर बघा. पाती दिसत नाहीत, नुसतं धुरकट वर्तुळ दिसतं. प्रोपेलरचं तसंच. तो जेवढा जास्त धोकादायक, तेवढा कमी दिसतो. आता हे गणित बघा. या प्रोपेलरची लांबी साधारण १.९ मीटर. एका फेरीत पात्याचं टोक सुमारे ६ मीटर अंतर कापतं. मिनिटाला २४०० फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला झाल्या ४०. चाळीस सक दोनशे चाळीस. म्हणजे टोक एका सेकंदात २४० मीटर जातं, ताशी ८६० किलोमीटरहून अधिक! विमान जागेवर शांत उभं आहे, पण त्याच्या नाकावर एवढा वेग फिरतो आहे. अनोळखी माणूसच तिथे चुकतो असं नाही. रोजचा वावर असलेली माणसंही घाईत, अंधारात किंवा कुणाला निरोप देण्याच्या नादात फिरत्या प्रोपेलरमध्ये शिरली आहेत. म्हणून नियम असा, की नाकावर प्रोपेलर असलेल्या विमानाच्या पुढून कधीच जायचं नाही. विमानात बसायचं तेही इंजिन पूर्ण बंद झाल्यावर, पंखाच्या मागच्या बाजूने.

"मग आत्ता तर तो थांबलाय. आत्ता हात लावला तर चालेल?" एका चुणचुणीत मुलाने विचारलं.

"नाही," सर म्हणाले, "कारण तो थांबलेला दिसतो, एवढंच आपल्याला माहीत आहे."

हे मला सुद्धा कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. तुमच्या आजोबांच्या सायकलला डायनॅमो होता का, विचारा त्यांना. चाक फिरलं की दिवा लागायचा. सेल नको, बॅटरी नको. अशा बहुतेक लहान विमानांच्या इंजिनात त्याच तत्त्वावर चालणारा 'मॅग्नेटो' असतो. इंजिन फिरलं की आतलं चुंबक फिरतं, वीज तयार होते आणि ठिणगी पडते. हवेत असताना बॅटरी संपली तरी इंजिन बंद पडू नये, म्हणून ही सोय. मग इंजिन बंद करायचं तर काय करतात? किल्ली फिरवली की ठिणगीची वीज एका तारेतून विमानाच्या धातूच्या सांगाड्यात सोडून देतात. पण समजा, ती एवढीशी तार तुटलेली असली तर? किल्ली बंद दाखवते, पण मॅग्नेटो जागाच असतो. इंजिनात थोडी इंधनाची वाफ उरली असेल आणि कुणी गंमत म्हणून प्रोपेलरला हाताने झोका दिला, तर ठिणगी पडून तो एकदम फिरू शकतो. म्हणून विमानतळावरची जाणती माणसं थांबलेल्या प्रोपेलरकडेही झोपलेल्या वाघाकडे पाहावं तशी पाहतात.

पूर्वी तर प्रोपेलर हातानेच फिरवून इंजिन सुरू करावं लागे. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी 'पस मॉथ' नावाच्या लहान विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, ते तुम्ही इतिहासात वाचलं असेल. वाटेत अहमदाबादला त्यांच्यासाठी इंधनाचे डबे चक्क बैलगाडीतून आणले होते! त्या काळी 'मॉथ' जातीच्या विमानांपुढे एक माणूस उभा राही आणि दुसरा आत बसे. पुढचा ओरडून विचारी, "स्विच बंद?" आतला ओरडून सांगे, "स्विच बंद!" मग पुढचा म्हणे, "कॉन्टॅक्ट!" आतला तोच शब्द परत उच्चारी, "कॉन्टॅक्ट!" आणि मगच हात प्रोपेलरला लागे. नुसती मान हलवून चालत नसे. मोठ्याने विचारायचं आणि मोठ्याने उत्तर द्यायचं. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

यानंतर सरांनी विमानाभोवती एक पूर्ण फेरी मारली. हातात एक यादी होती. प्रत्येक गोष्ट ते बोटाने दाखवत, हाताने चाचपत आणि यादीत बघत. टाकीच्या खालून त्यांनी थोडं इंधन एका पारदर्शक पेल्यात काढलं. निळसर रंगाचं होतं. "तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का बघतोय. पाणी जड, ते खाली बसतं. ते इंजिनात गेलं तर इंजिन गचके खातं." इंधन भरताना विमानाला एक तार जोडतात, तीही दाखवली. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना? तशी वीज विमानावर साचून ठिणगी पडू नये, म्हणून ती तार. पंखाखालच्या बोटाएवढ्या नळीवरची खोळ त्यांनी काढली. तिला लांब लाल फीत होती. या नळीत शिरणाऱ्या हवेवरून विमानाचा वेग कळतो. कुंभारीण माशीला मात्र ती घर बांधायला फार आवडते! नळी मातीने बुजली, तर वैमानिकाला वेग चुकीचा दिसणार.

मग त्यांनी आतून एक लोखंडी खिळ काढली. तिला लाल पत्रा होता. वाऱ्याने शेपटीवरचे आणि पंखांवरचे हलते भाग आपटू नयेत, म्हणून विमान उभं असताना ही खिळ घालून ते जखडून ठेवतात. लाल पत्रा बरोबर किल्लीच्या समोर येतो, म्हणजे विसरून किल्ली लावू म्हटलं तरी पत्रा आडवा!

"एवढं कशाला? वैमानिक विसरेल का?" आमच्या दुसऱ्या बाईंनी विचारलं.

सर म्हणाले, "विसरतो. फार हुशार असला तरी विसरतो." आणि त्यांनी एक खरी घटना सांगितली. ३० ऑक्टोबर १९३५. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहराजवळ राइट फील्ड नावाचा तळ. बोइंग कंपनीचं चार इंजिनांचं नवं कोरं विमान चाचणीसाठी निघालं. चालवणारे वैमानिक अतिशय अनुभवी. पण विमान उडताच नाक वर करून चढत गेलं आणि कोसळलं. दोघांचे प्राण गेले. विमानात काहीही बिघाड नव्हता. शेपटीचे हलते भाग जखडणारं कुलूप जमिनीवर असताना काढायचं राहून गेलं होतं, एवढंच. त्यानंतर तिथल्या वैमानिकांनी ठरवलं, की आठवणीवर विसंबायचं नाही, यादी करायची. आज लहान-मोठ्या प्रत्येक विमानात तपासण्याची यादी असते, तिची सुरुवात या घटनेनंतर झाली. बघा, अपघात आकाशात दिसला, पण घडला होता जमिनीवरच.

आता येते माझी चूक.

फेरी संपली. सर इंजिन सुरू करून दाखवणार होते. पण विमान उभं होतं तिथून मागच्या रांगेतल्या मुलांना दिसत नव्हतं. मुलं कुरकुरली. मीच म्हटलं, "सर, थोडं पुढे घेता येईल का?" सर भले माणूस. त्यांनी आणि मेकॅनिककाकांनी एक लोखंडी दांडी आणली, विमानाच्या पुढच्या चाकाला अडकवली आणि विमान हाताने ओढून दहा-बारा पावलं पुढे आणलं. इतकं हलकं असतं ते! चाकांना ठोकळे लावले. तेवढ्यात आमची काही शूर मंडळी रेघेवर पाय देऊन उभी राहिली. त्यांना मागे सारायला मेकॅनिककाका धावत आले. सर विमानात चढले.

माझ्या बाजूला वर्गातली एक मुलगी उभी होती. तिचं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. शेवटच्या बाकावर बसते, वर्षभरात तिने आपणहून तीन वाक्यंही बोलली नसतील. तिने माझा पदर ओढला आणि पुटपुटली, "बाई, ती दांडी तशीच आहे."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "गप्प उभी राहा. मोठ्यांचं काम चाललंय. त्यांना कळतं."

मी विमानाकडे वळून पाहिलं सुद्धा नाही.

सरांनी खिडकी उघडली आणि मोठ्याने विचारलं, "सगळे रेघेच्या मागे आहेत? सुरू करू? कुणाला काही सांगायचंय?"

आणि तिने हात वर केला. वर्गात करतात तसा, कोपर दुसऱ्या हाताने धरून. सर म्हणाले, "बोल बाळ." ती थरथरत, पण मोठ्याने म्हणाली, "पुढच्या चाकाला दांडी राहिलीय."

एक क्षण सगळं शांत झालं. सरांनी किल्ली काढली, खाली उतरले, पुढे येऊन पाहिलं. दांडी तशीच होती, प्रोपेलरच्या बरोबर खाली. आत बसलेल्या माणसाला ती दिसूच शकत नाही, विमानाचं नाक आड येतं. इंजिन सुरू झालं असतं, तर पात्यांचा फटका लोखंडी दांडीला बसला असता. पाती वाकली असती. इंजिन पूर्ण उघडून तपासावं लागलं असतं. आणि ती दांडी भिरकावली गेली असती. कुठल्या दिशेला, ते कुणी सांगावं? समोर अडतीस मुलं उभी होती.

सरांनी दांडी काढून हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या गॅरेजमध्ये, जागेवर नेऊन ठेवली. मग ते आमच्यासमोर आले. मला वाटलं, आता सारवासारव करतील. ते म्हणाले, "पोरांनो, चूक माझी. माझी तपासणी पूर्ण झाली होती. त्यानंतर मी विमान हलवलं, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली नाही. तपासणीत मध्ये काही आलं, तर परत पहिल्यापासून सुरुवात करायची, हा आमचाच नियम आहे." आणि खरोखरच त्यांनी पुन्हा सगळी फेरी मारली. अर्धा तास गेला. एकही मूल कुरकुरलं नाही.

शेवटी ते त्या मुलीला म्हणाले, "विमानतळावर 'थांबा' म्हणायला वय लागत नाही, पद लागत नाही. झाडू मारणारा माणूसही मुख्य वैमानिकाला थांबवू शकतो. तो चुकला तर पाच मिनिटं जातात. तो गप्प बसला तर काय जातं, ते तू आज वाचवलंस." ती लाजून माझ्या मागे लपली.

मी मात्र खूप ओशाळले. एस.टी.त परत येताना ती चिवडा खात खिडकीतून बाहेर बघत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "माझं चुकलं गं. तू सांगितलंस तेव्हा मी बघायला हवं होतं." ती म्हणाली, "बाई, सरांनी विचारलं म्हणून मी बोलले. नाहीतर नसते बोलले."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्यांनी विचारलं, म्हणून ती बोलली. आठवा ते जुने मॉथवाले. मोठ्याने विचारायचे, मोठ्याने उत्तर द्यायचे. ही पद्धत उगाच पडली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, आमच्या गावात कुठलं आलंय विमान?" बरोबर. पण निवडणुकीत शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरतं की नाही? तेव्हा सगळं गाव धावतं. तर ऐका. हेलिकॉप्टरच्या शेपटीला एक छोटा उभा पंखा असतो. तोही फिरताना दिसत नाही. डोक्यावरची मोठी पाती थांबता थांबता खाली झुकतात. त्यांच्या वाऱ्याने माती, खडे, पत्रे उडतात. म्हणून पाती पूर्ण थांबेपर्यंत लांबच राहायचं. पोलीसकाका मागे व्हा म्हणाले, तर ते तुमची मजा घालवत नसतात. आणि धाकटी भावंडं बरोबर असतील तर त्यांचा हात घट्ट धरायचा.

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. आपण मुलांना 'मोठ्यांमध्ये बोलू नये' असं शिकवतो. त्यामागे चांगल्या वळणाचाच विचार असतो. पण गॅस चालू राहिलाय, दुचाकीचं स्टँड वर करायचं राहिलंय, उकळत्या दुधाजवळ बाळ गेलंय, अशा वेळी मुलाने मध्येच बोललेलं आपल्याला हवं असतं. मग त्याला तसं आधीच सांगून ठेवायला नको का? मी वर्गात आता एक पद्धत ठेवली आहे. प्रयोग असो, सहल असो, सुरुवात करण्याआधी मी विचारते, "कुणाला काही दिसतंय का, जे मला दिसत नाही?" दहापैकी नऊ वेळा उत्तर येतं, "बाई, तुमच्या नाकाला खडू लागलाय." चालेल. दहाव्या वेळेसाठी मी ते नऊ वेळा ऐकून घेते.

आता तुमचा गृहपाठ.

१) काचेच्या बाटलीत थोडं खाण्याचं तेल आणि थोडं पाणी घाला, हलवा आणि ठेवून द्या. कोण खाली बसतं, बघा. विमानाच्या टाकीतलं इंधन खालूनच का काढून तपासतात, ते लिहा.

२) प्रोपेलर मिनिटाला १८०० फेऱ्या मारत असेल, तर पात्याचं टोक सेकंदाला किती मीटर जाईल? एका फेरीला ६ मीटर धरा.

३) शाळेला निघण्यापूर्वी तपासायच्या पाच गोष्टींची यादी करून दारामागे लावा. यादी वाचताना आईने हाक मारली, तर? बरोबर! परत पहिल्यापासून.

उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा. आणि हो, या अंकातल्या माझ्या लेखात काही चुकलेलं दिसलं, तर तेही नक्की कळवा. हात वर करायला लाजायचं नाही!

— तुमच्या बाई